लांट्सक्नेश्ट : भाल्याचा की मुलखाचा?

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. १५२७ साली झालेल्या रोमच्या लुटीवर ते एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहेत. त्या लुटीतल्या जर्मन पायदळ सैनिकांना ‘लांट्सक्नेश्ट’ म्हणत. एका इंग्रजी पुस्तकात या शब्दाची फोड ‘लान्स’ अधिक ‘नाइट’ अशी, म्हणजे भालाधारी सरदार अशी, दिलेली त्यांना आढळली, तर दुसऱ्या ठिकाणी ‘जमिनीचा नोकर’ असा अर्थ मिळाला. यांतील खरी व्युत्पत्ती कोणती, आणि मराठीत ‘भालाईत सरदार’ असे लिहिले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

‘भालाईत सरदार’ असे लिहू नये. त्यातला भालाही चुकीचा आहे आणि सरदारही. परंतु ‘जमिनीचा नोकर’ हाही अर्थ वाचकाची दिशाभूल करतो, कारण त्यातून कुळ किंवा वेठबिगार असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. माझ्या मते आपण एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत : हा शब्द मुळात कशापासून घडला, त्या काळी तो ऐकणाऱ्यांना त्यात काय ऐकू येत होते, आणि आज मराठीत तो कसा लिहावा. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. तिसऱ्याचे उत्तर तर आपण कोणत्या भाषेतील साधने वापरत आहात यावरही अवलंबून आहे.

मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे जर्मन शिकवतो आणि जर्मनमधून मराठीत भाषांतरे करतो. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः हा शब्द ‘भालदार’ असा उतरवला होता. इंग्रजी कोशात ‘लान्स-नाइट’ असे रूप पाहिले आणि त्यावर विश्वास ठेवून मोकळा झालो. हस्तलिखित परत आले तेव्हा संपादकांनी समासात पेन्सिलने एवढेच लिहिले होते : ‘चोपदार कुठे आहे?’ समासाची चूक मला अशी समासातच दाखवली गेली. तेव्हापासून कोणताही जर्मन जोडशब्द इंग्रजीच्या खिडकीतून पाहायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

आता शब्दाकडे वळू. जर्मन जोडशब्दात मुख्य पद शेवटी असते आणि आधीचे पद त्याचे विशेषण होते. आपल्या तत्पुरुष समासाचीच ही रीत आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती समजायला जड जात नाही. म्हणून आधी शेवटचे पद, ‘क्नेश्ट’, घेऊ. जुन्या जर्मनमध्ये याचा अर्थ मुलगा, पोरगा असा होता. पुढे तो पोऱ्या, हाताखालचा माणूस, चाकर असा झाला आणि त्याच्याच जोडीने हत्यारबंद शिपाई असाही झाला. आजच्या जर्मनमध्ये ‘क्नेश्ट’ म्हणजे शेतावरचा किंवा घरचा गडी. ‘पोरगा’पासून ‘पोऱ्या’पर्यंतचा हा प्रवास आपण मराठीतही केला आहे. मला तर या शब्दाला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘गडी’ हाच वाटतो. शेतगडी, घरगडी म्हणताना तो नोकर असतो, खेळातले गडी म्हणताना तो आपल्या बाजूचा माणूस असतो आणि मर्दगडी म्हणताना लढणारा होतो. ‘क्नेश्ट’ची पंधराव्या-सोळाव्या शतकातली व्याप्ती जवळजवळ हीच होती. लूथरने बायबलच्या जर्मन भाषांतरात येशूला क्रूसावर देणाऱ्या रोमन शिपायांसाठी ‘क्रीग्सक्नेश्ट’, म्हणजे युद्धाचा गडी, हा शब्द वापरला आहे. पायदळाच्या शिपायाला ‘फूसक्नेश्ट’, पायी चालणारा गडी, म्हणत. तेव्हा ‘क्नेश्ट’ म्हणजे शिपाई हा त्या काळी रोजच्या बोलण्यातला अर्थ होता.

मग ‘नाइट’ कुठून आला? इंग्रजी ‘नाइट’ आणि जर्मन ‘क्नेश्ट’ हे सख्खे भाऊ आहेत, एवढे आपल्या पुस्तकाचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या इंग्रजीतही त्या शब्दाचा अर्थ मुलगा, चाकर असाच होता. परंतु एका भावाचे नशीब उघडले आणि तो घोड्यावर बसून सरदार झाला, तर दुसरा गोठ्यात राहिला. जर्मनमध्ये सरदाराला ‘रिटर’, म्हणजे स्वार, असा निराळा शब्द आहे. सोळाव्या शतकातल्या कोणत्याही जर्मन माणसाने क्नेश्टला सरदार म्हटले नसते. अशी उलटी उदाहरणेही आहेत. ‘मार्शल’ हे युरोपातले सर्वोच्च सेनापद ज्या जुन्या जर्मानिक जोडशब्दापासून आले, त्याचा अर्थ ‘घोड्यांचा चाकर’, सरळ सांगायचे तर मोतद्दार, असा होतो. आपल्याकडे शिवकाळात किल्ल्याचा मुख्य अधिकारी हवालदार असे. आज हवालदार म्हटल्यावर कोण आठवतो ते सांगायला नको. पदनामाचा मूळ अर्थ आणि त्या पदाचा मान यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही, हे ज्यांच्या भाषेत ‘शिपाई’ हा शब्द रणांगणावरून निघून कचेरीच्या दाराशी स्टुलावर येऊन बसला आहे, त्यांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

आता पहिले पद, ज्याच्यावर खरा वाद आहे. ते ‘लांट’ म्हणजे भूमी, मुलूख हे आहे की ‘लांझ’ म्हणजे भाला?

हा गोंधळ नेमका कानाशी होतो. जर्मन ‘लांट’ लिहिताना शेवटी ‘ड’चे अक्षर असते, पण शब्दाच्या अंती किंवा ‘स’च्या आधी ते ‘ट’ असे उच्चारले जाते. त्याला ‘स’ जोडला की ‘लांट्स’ असा आवाज होतो. हा ‘ट्स’ मराठी कानाला परका नाही. ‘चाक’, ‘चमचा’, ‘चूल’ यांत आपण जो च उच्चारतो, ‘चंद्र’ किंवा ‘चित्र’ यांतला नव्हे, तो जवळजवळ हाच आहे. आणि भाल्याच्या ‘लांझ’मधले झचे अक्षर जर्मनमध्ये नेमके याच आवाजाचे आहे. म्हणजे ‘मुलखाचा गडी’ म्हणा की ‘भाल्याचा गडी’ म्हणा, तोंडातून दोन्ही वेळा ‘लांच्-क्नेश्ट’ असेच बाहेर पडते, फक्त च तेवढा चाकातला हवा. सोळाव्या शतकात जर्मन शुद्धलेखन ठरलेले नव्हते. त्यामुळे जुन्या छापील पत्रकांत आणि लाकडी ठशांच्या चित्रांखाली हा शब्द कधी एका प्रकारे, कधी दुसऱ्या प्रकारे लिहिलेला दिसतो. लांब भाला खांद्यावर टाकून चाललेल्या शिपायाचे चित्र समोर असताना वाचणाऱ्याने त्या शब्दात भाला ऐकला, यात नवल काहीच नाही. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

ही लोकव्युत्पत्ती आहे, मूळ व्युत्पत्ती नव्हे, असे मी कशावरून म्हणतो? पहिला पुरावा व्याकरणाचा आहे. ‘लांझ’ हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि ते दुसऱ्या पदाला जोडताना जर्मन भाषा मध्ये ‘न’ घालते. भालाधारी स्वाराला जर्मनमध्ये ‘लांझनराइटर’ म्हणतात. भाल्यापासून शब्द घडला असता तर तो सहसा ‘लांझनक्नेश्ट’ असा व्हायला हवा होता. याउलट ‘लांट’ला जोडलेला ‘स’ हा सरळ षष्ठीचा प्रत्यय आहे, आपल्या ‘चा’सारखा. या एका ‘स’ने काय फरक पडतो ते पाहायचे असेल तर वर्गात मी नेहमी एक जोडी फळ्यावर लिहितो. ‘लांटमान’ म्हणजे जमीन कसणारा, शेतकरी. ‘लांट्समान’ म्हणजे आपल्या मुलखाचा माणूस, गाववाला. पदे तीच, पण मध्ये ‘स’ आला की माती जाऊन मुलूख येतो. ‘जमिनीचा नोकर’ हे भाषांतर का खटकते, तेही इथेच कळते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. जर्मन लोक हा ‘स’ पुष्कळदा नुसत्या सवयीनेही घालतात, ज्या स्त्रीलिंगी नामांच्या षष्ठीत तो कधीच नसतो त्यांनासुद्धा. लग्नाच्या दिवसाला ‘होखझाइट्सटाग’ म्हणतात, त्यातला ‘स’ असाच आगंतुक आहे. म्हणून केवळ ‘स’वर निकाल देऊ नये, आणखी पुरावा पाहावा.

तो पुरावा हत्याराच्या नावात आहे. या सैनिकांचे मुख्य हत्यार साधारण चार ते पाच मीटर लांबीचा भाला होते. हजारो माणसांनी एकत्र चौकोन धरून ते पुढे रोखले की घोडदळाला त्यात शिरता येत नसे. परंतु या भाल्याला जर्मनमध्ये ‘लांझ’ म्हणत नसत, ‘श्पीस’ किंवा ‘लांगश्पीस’ म्हणत. ‘लांझ’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द होता आणि ते चिलखती स्वाराचे, म्हणजे समोरच्या सरदाराचे, हत्यार होते. पायदळ शिपायाला हत्यारावरून नाव द्यायचे तर जर्मन माणूस ‘श्पीस’ धरूनच शब्द घडवत असे. ‘श्पीसगेझेले’, भाल्याचा सोबती, हा असाच एक शब्द, जो आज मात्र गुन्ह्यातला साथीदार या अर्थाने उरला आहे. ज्या शस्त्राशी लढायचे त्याचेच नाव स्वतःला लावून घ्यायचे, असे सहसा कोणी करत नाही.

तिसरा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो. सैनिक या अर्थाने हा शब्द रुळण्याच्या आधीच मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘लांटक्नेश्ट’ असा शब्द होता. त्याचा अर्थ होता मुलखाच्या न्यायसभेचा चाकर, बोलावणे पोचवणारा आणि हुकूम बजावणारा. त्याच्या हातात भाला असण्याचे कारण नव्हते. म्हणजे भूमी आणि गडी यांची जोडी भाषेत तयारच होती, सैन्याने ती नव्या कामाला लावली. असे एकदाच घडलेले नाही. जर्मन सैन्यातल्या ‘फेल्डवेबेल’ या पदाचेही असेच आहे. त्यातला ‘वाइबेल’ म्हणजे न्यायसभेत इकडून तिकडे फिरणारा चाकर, ज्याला आपल्याकडच्या न्यायालयात पट्टेवाला म्हणतात. त्याच्या आधी ‘फेल्ड’ म्हणजे रणमैदान जोडले आणि पट्टेवाला सैन्यातला सार्जंट झाला. आपला शिपाई रणातून कचेरीत आला, त्यांचा पट्टेवाला कचेरीतून रणात गेला.

मग मुलखाचा म्हणजे कोणत्या मुलखाचा, हा प्रश्न उरतो, आणि इथे इतिहास पाहिल्याशिवाय भागत नाही. १४७० च्या दशकात स्विस पायदळाने बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सच्या सैन्याची लागोपाठ धूळधाण उडवली आणि १४७७ मध्ये नॅन्सीच्या लढाईत खुद्द चार्ल्स मारला गेला. त्याच्या मुलीशी लग्न केलेल्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या माक्सिमिलियनला, जो पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे जर्मन मुलखांच्या साम्राज्याचा, सम्राट झाला, बर्गंडीचा हा वारसा फ्रान्सपासून राखायचा होता. स्विस पद्धतीने लढणारे पण स्विस नसलेले पायदळ त्याने उभे करायला घेतले. १४८० च्या दशकात श्वाबिया, अल्सास, टिरोल अशा आपल्या आणि शेजारच्या प्रदेशांतून त्याने माणसे भरती केली, आणि त्याच काळात ‘लांट्सक्नेश्ट’ हा शब्द सैनिकांसाठी वापरात आला. परक्या पहाडातून आणलेला भाडोत्री नव्हे, साम्राज्याच्या मुलखातला गडी, असा त्यातला भाव आहे. काही अभ्यासक ‘मुलखातून आलेला’ यापेक्षा ‘मुलखाच्या चाकरीतला’ या अर्थावर भर देतात. षष्ठीत दोन्ही अर्थ बसतात आणि माझ्या मते त्या काळच्या माणसाला त्यांतला एक निवडण्याची गरज कधी पडली नसावी.

स्विसांशी असलेली स्पर्धा हाडवैराची होती. दोघे समोरासमोर आले की कैदी घेतले जात नसत. स्विस भाडोत्र्यांचे नावही पाहण्यासारखे आहे : ‘राइसलॉयफर’. ‘राइसे’ म्हणजे आज जर्मनमध्ये प्रवास, सहल. पण तेव्हा त्याचा अर्थ होता स्वारी, लष्करी मोहीम. ‘लॉयफर’ म्हणजे धावणारा. स्वारीवर धावून जाणारा, आपल्या भाषेत मुलूखगिरीवर निघालेला. आपणही आज मोहिमेवर जातो ते बहुधा हरिश्चंद्रगडावर, डबा बांधून.

नावातला मुलूख मात्र फार दिवस खरा राहिला नाही. पगार देईल त्याच्याकडे हे लोक जात. साध्या शिपायाला महिन्याला चार गुल्डेन आणि पुढच्या रांगेत उभे राहणाऱ्या अनुभवी माणसाला दुप्पट, म्हणून त्याचे नावच ‘डॉपेलझोल्डनर’, दुहेरी पगारी. भरतीच्या वेळी दोन परशूसारखी हत्यारे जमिनीत रोवून वर एक भाला आडवा टाकत आणि त्या कमानीखालून एकेक माणूस पुढे जाई. कारकून त्याचे नाव वहीत घेई. तिकडून बाहेर पडला की तो लांट्सक्नेश्ट. १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सच्या राजाच्या बाजूनेही जर्मन लांट्सक्नेश्टांचे एक दल होते, आणि सम्राटाच्या बाजूच्या लांट्सक्नेश्टांनी ते जवळजवळ संपूर्ण कापून काढले. ‘मुलखाचे गडी’ दोन्हीकडून लढत होते. दोनच वर्षांनी पगार थकल्यामुळे हेच सैनिक बिथरले. त्यांचा नावाजलेला सेनानी गेओर्ग फोन फ्रुंड्सबेर्ग त्यांना आवरताना झटका येऊन कोसळला आणि पुढे ६ मे १५२७ रोजी हे सैन्य रोममध्ये घुसले. आपल्या लेखाचा विषय इथून सुरू होतो.

येथवरचा मुद्दा एकत्र करून सांगतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. ‘क्नेश्ट’ म्हणजे गडी, शिपाई, सरदार नव्हे. पहिले पद ‘लांट’, मुलूख, त्याला षष्ठीचा ‘स’. भाला हा मागाहून कानाने घातलेला अर्थ आहे.

परंतु ही मागाहूनची भर आहे म्हणून ती टाकून देण्यासारखी नाही, आणि आपण कोणती साधने वापरता याचा प्रश्न इथेच येतो. फ्रेंचांनी हा शब्द ‘लांस्कने’ असा केला. ‘क्न’ हा जोड त्यांच्या जिभेला जमेना म्हणून मध्ये स्वर घातला आणि पुढे याच नावाचा पत्त्यांचा एक जुगारही निघाला. इटालियनांनी ‘लान्त्सिकेनेक्को’ असे लांबलचक रूप केले आणि कंटाळा आला तेव्हा नुसते ‘लान्त्सो’ म्हटले. फ्लोरेन्सच्या मुख्य चौकात तीन भव्य कमानींचा जो उघडा मंडप आहे, त्याला ‘लोज्जा देई लान्त्सी’ म्हणतात, कारण सोळाव्या शतकात ड्यूक कोझिमोचे जर्मन पहारेकरी तिथे असत. पर्यटकांना तिथे भाल्यांचा मंडप असे सांगणारे वाटाडे मी स्वतः ऐकले आहेत. इटालियनमध्ये हा शब्द आजही दहशतीचा आहे. रोमची लूट हे एक कारण, आणि १६२९-३० मध्ये मांटुआकडे निघालेल्या सम्राटाच्या सैन्याबरोबर उत्तर इटलीत पसरलेली प्लेग हे दुसरे. त्या वेळेपर्यंत जर्मनीत जुन्या धर्तीचे लांट्सक्नेश्ट उरलेले नव्हते, तरी इटालियन माणसाने त्या सैनिकांना त्याच नावाने ओळखले. त्यामुळे आपले साधन इटालियन असेल तर त्या शब्दाचा सूर वेगळा आहे, जर्मन असेल तर वेगळा.

जाता जाता एक शंका आधीच दूर करतो, कारण वर्गात ती हटकून येते. आपल्या सैन्यातल्या ‘लान्स नाईक’मधला लान्स याच घोळातला आहे का? नाही. तिथला भाला खराच आहे. इटालियनमध्ये ‘मोडलेला भाला’ या अर्थाचा एक शब्दप्रयोग अनुभवी लढवय्यासाठी होता. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, त्यातून ‘लान्स कॉर्पोरल’ आला आणि भारतात कॉर्पोरलच्या जागी नाईक बसला.

आता आपल्या लेखापुरते सांगतो. पदनामाचे भाषांतर करण्याच्या फंदात मी आता पडत नाही. पहिल्या उल्लेखाला ‘लांट्सक्नेश्ट’ असे लिहावे आणि त्याच वाक्यात दोन-चार शब्दांत त्याची ओळख द्यावी. पुढे सर्वत्र तेच रूप ठेवावे. मूळ शब्द जड वाटत असेल तर ‘जर्मन भाडोत्री पायदळ’ चालेल, मात्र १४८० च्या दशकातल्या संदर्भात ‘भाडोत्री’ वापरताना थोडे जपावे, कारण त्या वेळी याच नावाने त्यांना परक्या भाडोत्र्यांपासून वेगळे काढले जात होते. ‘बारगीर’ आणि ‘शिलेदार’ हे शब्द मोहात पाडतात, पण दोघेही घोड्यावरचे आहेत. हा माणूस पायी चालणारा आहे. उच्चार लिहिताना ‘नेच्ट’ किंवा ‘नाइट’ असे इंग्रजी वळण देऊ नये, कारण जर्मनमध्ये क उच्चारला जातो.

आपण प्रश्नात दिलेले वाक्य, ‘भालाईत सरदारांनी तटाला शिड्या लावल्या’, मी असे लिहीन : ‘पहाटेच्या दाट धुक्यात लांट्सक्नेश्टांनी, म्हणजे सम्राटाच्या जर्मन मुलखातून भरती केलेल्या पगारी पायदळ शिपायांनी, तटाला शिड्या लावल्या. त्यांचा पगार कित्येक महिने थकलेला होता.’